अस्वलावरची फुली

आमच्या लॅबमध्ये तीस संगणक आहेत आणि तीसच्या तीस डेडस्टॉकमध्ये आहेत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हळहळतो. मग समजावून सांगावं लागतं की बाबा, तसं काही झालेलं नाही. कॉलेजच्या हिशेबात वापरून संपणारी वस्तू एका रजिस्टरात जाते आणि वापरूनही उरणारी दुसऱ्या. खडू, फिनेल, प्रिंटरचा कागद पहिल्यात. खुर्च्या, पंखे, संगणक आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ दुसऱ्यात. या दुसऱ्याचं नाव डेडस्टॉक. मी स्वतः कुठल्या रजिस्टरात आहे हे चौदा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही. वापरून संपत चाललोय, एवढं खरं.

हुद्दा लॅब असिस्टंट. गाव तालुक्याचं, तंत्रनिकेतन गावाबाहेर, कॉम्प्युटर विभाग दुसऱ्या मजल्यावर. दर डिसेंबरात, तिसऱ्या वर्षाचं सहावं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत, या तीस यंत्रांवर अँड्रॉइड स्टुडिओ बसवायचा हे माझं काम. मोबाइलची ॲप ज्यात तयार करतात ते हे अवजार. बसवायचा म्हणजे आजचा नाही. जुना. चार पॉइंट दोन, २०२१ सालचा.

“सर, नवं फुकट मिळतंय म्हणता, मग जुनं कशाला बसवताय?” आमच्या विभागाचे शिपाई मामा मला दर वर्षी विचारतात. पहिल्या वर्षी मी म्हणालो, “पुस्तकात जुनं आहे, मामा.” मामा म्हणाले, “मग पुस्तक नवं आणा की.” यावर वर्षभर मला काही उत्तर सुचलं नाही.

खरं उत्तर असं आहे. प्रयोगपुस्तिकेत सुरुवातीलाच लिहिलंय : नवा प्रोजेक्ट घ्या, ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडा, भाषा जावा ठेवा. शेजारी चित्र. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून ते चित्र आता अमावास्येचं झालंय, पण त्यातला बाण अजून दिसतो. चार पॉइंट दोनमध्ये बाण दाखवतो तिथंच ती ॲक्टिव्हिटी सापडते. २०२३ पासूनच्या आवृत्त्यांतही ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ आहे. नाव तेच. पण ती निवडली की जावा हवी का असं कुणी विचारतच नाही, कॉटलिन गृहीतच. ज्या एक्सएमएल फाइलमध्ये पोरांनी बटणं मांडायची, ती ‘ॲक्टिव्हिटी मेन’ नावाची फाइलच नाही. स्क्रीन रचायची ती कंपोझ नावाच्या नव्या पद्धतीने. जुनी ॲक्टिव्हिटी काढून टाकलेली नाही, फक्त तिला आता ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. म्हणजे आपण जोशीवाडा शोधत जावं, ‘जोशीवाडा’ अशी पाटीही दिसावी, आत मात्र भलतेच लोक नांदत असावेत आणि मूळचे जोशी मागच्या बोळात नव्या पाटीखाली राहायला गेलेले असावेत.

वाड्याचं उदाहरण मामांना लगेच पटलं. “मग बरोबर,” म्हणाले, “टपाल भलत्याच घरात पडणार.”

या मंडळींच्या नावांचीही एक गंमत आहे. खुद्द अँड्रॉइडची नावं आधी गोडाधोडाची होती. कपकेक, डोनट, एक्लेअर असं करत करत पायपर्यंत आले आणि २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून गोड बंद झालं. वय झालं की होतं तसं. तेव्हापासून नुसते आकडे. स्टुडिओने मात्र उलट केलं. २०२१ च्या मध्यापर्यंत त्याला आकडे होते, चार पॉइंट दोन हा त्यातला शेवटचा. मग एबीसीडीच्या क्रमाने जनावरं सुरू झाली. आर्क्टिक फॉक्स, बम्बलबी, चिपमंक, डॉल्फिन आणि पुढे. विषय शिकवणाऱ्या मॅडम कधी स्टाफरूममधून फोन करतात, “मुलांच्या लॅपटॉपवर काय काय आहे हो?” मी सांगतो, “दोघांकडे कोआला, एकीकडे जिराफ, एकाकडे हेजहॉग. आणि शेवटच्या बाकावरच्याचा जिराफ उठतच नाही.” जवळून जाणारे मेकॅनिकलचे सर थबकतात. पशुवैद्यकीयची शाखा कधी सुरू झाली, असा भाव तोंडावर घेऊन पुढे जातात.

नवं सॉफ्टवेअर बसवणं सोपं असतं. त्याला तुमच्या घरी यायचंच असतं. जुनं आणणं ही वेगळी यातायात आहे. आधी ते शोधायचं. कंपनीच्या साइटवर जुन्या आवृत्त्यांचं भांडार आहे, ते पानाच्या अगदी तळाशी, अडगळीच्या खोलीसारखं. आत जायचं, लांबलचक अटी मान्य करायच्या, आणि यादीतून खाली खाली सरकत २०२१ पर्यंत यायचं. सरकताना गेलेली वर्षं बोटाखालून जातात. इन्स्टॉलर जवळपास एक जीबीचा. तो उतरला की पहिल्या वर्षी मला वाटलं, झालं काम.

पण जुनी आवृत्ती एकटी येत नाही. तिचं वऱ्हाड असतं. तिला तिच्याच काळातला ग्रेडल लागतो, ६.७.१ किंवा वरचा, पण फार वरचा चालत नाही. ग्रेडलला जावा लागते, तीही बेताच्या वयाची. ॲप चालवून बघायला खोटा फोन लागतो, म्हणजे इम्युलेटर, आणि त्या खोट्या फोनच्या पोटात घालायला खरं अँड्रॉइड, जीबीभर वजनाचं. प्रत्येकाच्या लायसन्सला ‘मान्य’ म्हणायचं. काळ्या खिडकीत ‘वाय’ दाबायचं, पुन्हा ‘वाय’, पुन्हा ‘वाय’. लग्नात मी इतक्यांदा होकार दिला नव्हता. वऱ्हाडातली काही मंडळी तर आता दिलेल्या पत्त्यावर राहतच नाहीत. ‘जेसेंटर’ नावाचं एक मोठं कोठार होतं, जुने प्रोजेक्ट तिथून सुटे भाग मागवायचे. २०२१ मध्ये त्या कोठारात नवा माल घेणं बंद झालं. जुन्या फाइलींत मात्र अजून त्याचाच पत्ता, बदली झालेल्या तलाठ्याच्या नावाने अर्ज यावेत तसा.

सगळं जमेपर्यंत पंधरा जीबी होतात. आणि खोटा फोन चालवायचा तर प्रत्येक यंत्राच्या बायॉसमध्ये शिरून व्हर्च्युअलायझेशन नावाचा खटका वर करावा लागतो. तो दुरून करता येत नाही. संगणक सुरू करायचा, निळा पडदा दिसेपर्यंत एफटू बडवत राहायचं, खटका, सेव्ह, पुढचा संगणक. तीस वेळा. सोळाव्याला मी एफटूऐवजी एफट्वेल्व बडवत होतो, हे विसाव्याला लक्षात आलं.

आता अस्वलाविषयी.

आमच्या यंत्रांवर डीप फ्रीझ आहे. ज्यांनी कॉलेजची लॅब किंवा पूर्वीचं सायबर कॅफे पाहिलंय त्यांना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, पांढरं ध्रुवीय अस्वल आठवत असेल. ते अस्वल असेपर्यंत यंत्र गोठलेलं. दिवसभर पोरांनी त्यावर काय वाटेल ते करावं : खेळ टाकावेत, फाइली उडवाव्यात, वॉलपेपरला नटाचा फोटो लावावा. संगणक बंद करून चालू केला की सगळं जसंच्या तसं. आदल्या दिवसाचं पाप धुऊन निघतं, पुण्यही. खरोखर काही बदलायचं असेल तर शिफ्ट दाबून अस्वलावर दोनदा क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, ‘वितळलेलं’ निवडायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. मग अस्वलावर लाल फुली लुकलुकते. फुली म्हणजे आता जे कराल ते राहील.

पहिल्या वर्षी चार पेनड्राइव्ह घेऊन मी शनिवारी सकाळी आठला बसलो. रविवारी रात्री दहाला उठलो. मामांनी दोनदा चहा आणि एकदा घरून भाकरी-पिठलं आणलं. तिसाव्या यंत्रावर खोटा फोन उघडला, त्यावर घड्याळ दिसलं, तेव्हा मी मामांना हाक मारून दाखवलं. “झकास,” ते म्हणाले, “आता बंद करू सगळे? लाइट जायची वेळ झाली.”

आम्ही दोघांनी ओळीने तीस संगणक बंद केले.

सोमवारी पहिल्या तासाला तीस संगणक चालू झाले. घड्याळाशेजारी तीस पांढरी अस्वलं, एकावरही फुली नाही, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता होते तसेच तीस कोरे पडदे. मी फुली मारायला विसरलो होतो. एखाद्या यंत्रावर नाही, तीसच्या तिसांवर. यात निदान सातत्य होतं असं मी नंतर घरी सांगितलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. मॅडमनी तो तास फळ्यावर घेतला. खोटा फोन फळ्यावर खडूने काढला. आजतागायत त्या बॅचची पोरं सांगतात की आमच्या लॅबमधला सगळ्यात जलद चालणारा इम्युलेटर तोच.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. एकाच यंत्रावर सगळं नीट बसवायचं आणि त्याची प्रत बाकीच्या एकोणतिसांवर उतरवायची, हे शिकलो. क्लोनझिला नावाचं तैवानच्या मंडळींनी बनवलेलं फुकट साधन आहे. यंत्रं नेटवर्कवरून उठवायची आणि सगळ्यांना एकदमच वाढायचं. त्या यंत्राला मी ‘मूळ प्रत’ म्हणतो, मामा ‘नवरदेव’ म्हणतात.

नवरदेव सजवताना माझा मराठी अभिमान उफाळून आला. विद्यार्थ्यांसाठी खातं उघडायचं होतं. दर वेळी ‘स्टुडंट’ कशाला? मी देवनागरीत टाइप केलं : विद्यार्थी. विंडोजने मुकाट्याने त्या नावाचं फोल्डर केलं. मला भरून आलं. मग स्टुडिओ उघडला. त्याने स्वतःचं सामान त्या फोल्डरात ठेवायला नकार दिला. वाटेत इंग्रजीखेरीज दुसरी अक्षरं आहेत, चालणार नाही म्हणाला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अभिमान आवरता घेतला आणि सी ड्राइव्हवर सरळ एक वेगळं फोल्डर करून सगळं वऱ्हाड त्यात उतरवलं. घाईत नाव टाइप केलं, खाली त्या नावाचे सगळे पत्ते जोडले, प्रत काढायला लावली.

आमचं नेटवर्क जुनं, शंभर एमबीपीएसचं. साठ जीबीची प्रत एका यंत्रावर जायला चांगला दीड तास. एकेक करून एकोणतीस म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. पण एकदम वाढलं तर सगळं त्याच दीड तासात. हे पंगतीसारखं आहे. वाढपी एकदाच फिरतो, प्रत्येकाच्या पानात तेच पडतं. पंगतीचे नियमही सगळे लागू. पानं किती ते आधी सांगावं लागतं. मी एकोणतीस सांगितली, तर एकोणतिसावं यंत्र येऊन बसेपर्यंत अठ्ठावीस पानं मांडून ताटकळत राहतात, मिठाचा कणही पडत नाही. आणि वाढायला लागलं की सर्वांत सावकाश जेवणाऱ्याच्या चालीने सगळी पंगत चालते. आमच्या बावीस नंबरच्या यंत्राची हार्डडिस्क अशी खाऊन-पिऊन सावकाश होती. दीड तासाचे सव्वातीन झाले. मी आणि मामा कॉरिडॉरमध्ये बसून होतो. आत अंधारात एकोणतीस पडद्यांवर एकच निळी पट्टी एकाच वेगाने सरकत होती. मामा बराच वेळ बघत राहिले. “सर,” म्हणाले, “परेडला पण एवढं सारखं चालत नाहीत पोरं.”

सकाळी सगळं उत्तम. पुन्हा एकदा बायॉस, पुन्हा एकदा नावं बदलणं (प्रत काढली की तिसांचंही नाव एकच होतं आणि नेटवर्कवर भांडणं लागतात), आणि या वेळी अस्वलावरची फुली आधी तीनदा तपासलेली. पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडम म्हणाल्या, “सी ड्राइव्ह उघडा, त्यात अँड्रॉइड नावाचं फोल्डर आहे.” एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नाही दिसत.” मॅडमनी जवळ जाऊन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता फळ्यावर अक्षरं काढली : ए, एन, डी, आर, आय, ओ, डी.

आयच्या आधी ओ हवा होता. रात्री साडेनऊला माझी बोटं उलटी पडली होती आणि ती चूक पंगतीत एकोणतीस पानांत सारखी वाढली गेली होती. दुरुस्त करायची तर सगळे पत्ते बदलायचे, पुन्हा प्रत, पुन्हा पंगत, पुन्हा बावीस नंबर. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या. सगळीकडे सारखं आहे ना?” सगळीकडे सारखं होतं. पोरांनी जर्नलमध्ये ते तसंच लिहिलं. पुढच्या बॅचने त्या जर्नलवरून लिहिलं. त्याच्या पुढच्यांनी त्यांच्यावरून. आमच्या गावात अँड्रॉइडचं स्पेलिंग तेच.

मॅडम जे बोलल्या ते मला तेव्हा उदारपणाचं वाटलं होतं. त्यामागचं कारण नंतर एका दुपारी कळलं.

त्या दिवशी चौथा प्रयोग होता, एक बटण आणि दाबलं की एक वाक्य. अशा तासात एक क्षण येतो ज्यासाठी मला पगार मिळतो असं मी मानतो. मॅडम म्हणतात, “आता वर उजवीकडे हिरवा त्रिकोण आहे, तो दाबा,” आणि तीस माना एकदम वर उजवीकडे वळतात, शेतात वारा सुटावा तशा. त्या क्षणी पुस्तक, फळा आणि पडदा एका रेषेत असतात. त्या दिवशीही माना वळल्या. तास संपला, जर्नलवर सह्या झाल्या, लॅब रिकामी झाली. सत्ताविसाव्या यंत्रासमोर एक मुलगी बसून होती. हात मांडीवर, समोर जर्नल उघडं, पान कोरं.

“काय झालं गं?”

“काही नाही सर. मला नाही जमलं.”

पडद्यावर भलतंच काहीतरी होतं. आदल्या आठवड्यात दुरुस्तीसाठी मी त्या यंत्रावर फुली मारली होती आणि काढायला विसरलो होतो. नेट जोडलेलं होतं. कोपऱ्यात ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी चौकट उघडली असणार, खाली निळं बटण असणार, आणि आदल्या बॅचच्या कुणीतरी ते दाबलं असणार. दाबणाऱ्याला दोष नाही. ‘नंतर’ या बटणाकडे वळणारं बोट माणसाला वयाच्या चाळिशीनंतर फुटतं. आता तिथं नवी आवृत्ती होती, आणि एम्प्टी ॲक्टिव्हिटी निवडल्यावर जोशीवाड्यात भलतेच लोक.

ती मुलगी बसमधून येते, सव्वा तास एका बाजूचा. घरी संगणक नाही. तास होता पावणेदोन तासांचा. तेवढा वेळ ती पुस्तकातला बाण आणि पडदा आलटून पालटून पाहत बसली होती. तिने हात वर केला नाही, कारण यंत्र चुकलं असेल ही शंकाच तिला आली नव्हती. शेजारणीचं चालतंय, समोरचीचं चालतंय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. मी एक फुली विसरलो होतो आणि तिच्या हिशेबात तिला येत नव्हतं.

मी तिला अठ्ठाविसाव्यावर बसवलं. दहा मिनिटांत वाक्य उमटलं. तिने ते दोनदा दाबून पाहिलं. बस चुकली होती. मामांनी तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं.

त्या दिवसापासून मी चौकीदार झालो. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये अपडेटची टीक काढली. ग्रेडलला ऑफलाइनवर टाकलं, म्हणजे आता तो बाहेर काही मागायला जात नाही. घरात आहे त्यात भागव, असं आई सांगायची तसं. रोज सकाळी साडेआठला लॅब उघडली की पडदे चालू करायचे आणि ओळीने चालत जाऊन तीस अस्वलं मोजायची. लोक शहरात नोकरी करतात ती भविष्यकाळ लवकर आणण्याची. माझी नोकरी त्याला दारात अडवून धरण्याची. तो वाईट आहे म्हणून नव्हे. सेमिस्टर संपू दे, मग ये.

हे ऐकून आमचे एक ज्येष्ठ सर फार खूश झाले. त्यांना वाटलं मी त्यांच्या पंथाला लागलो. त्यांचा पंथ टर्बो सीचा. महाराष्ट्रात ज्यांनी म्हणून डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलंय त्यांच्या डोळ्यांपुढे तो निळा पडदा येईल : व्हॉइड मेन, क्लिअरस्क्रीन, कंट्रोल एफनाइन. बोर्लंड कंपनीचं ते सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉसवर चालणारं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते चालतच नाही, म्हणून आम्ही डॉसबॉक्स नावाचं खोटं डॉस बसवून त्याच्या पोटात ते ठेवत होतो, परवापरवापर्यंत. मधल्या काळात सी भाषेची प्रमाण रूपं आली, १९९९ मध्ये एक, २०११ मध्ये एक. आमच्या लॅबमध्ये १९९२ होतं. सरांचं म्हणणं, “पाया पक्का होतो.” मी ज्येष्ठांशी वाद घालत नाही, पण हे माझं नव्हे. माझा जुना स्टुडिओ पोरांच्या हातातल्या पुस्तकाशी जुळतो म्हणून जुना आहे. टर्बो सी सरांच्या हातातल्या वहीशी जुळत होतं म्हणून जुनं होतं. त्या वह्यांची पानं पिवळी पडली होती आणि त्यांच्यावर दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी एक पवित्र कळा आली होती. हात लावायची सोय नव्हती.

जुन्याची किंमतही मोजावी लागते, हे कबूल. आमच्याकडून पुण्याला नोकरीला गेलेली पोरं पहिल्या महिन्यात फोन करतात, “सर, इथं सगळं कंपोझमध्ये आहे.” मी म्हणतो, “शिकशील.” शिकतातही. एकदा एका घरात स्वयंपाक आला की दुसऱ्या घरात फक्त मीठ कुठल्या डब्यात ते शोधावं लागतं. पण पहिल्याच घरात रोज डबे हलवले तर मीठ कुठलं आणि साखर कुठली हेच कळत नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे त्यांना मी हवं ते जनावर पाळा म्हणून सांगतो. लॅबमधली तीस यंत्रं त्यांच्यासाठी नाहीतच. ज्यांच्याकडे दुसरं यंत्र नाही त्यांच्यासाठी आहेत.

खंडेनवमीला आम्ही लॅबची पूजा करतो. एक संगणक प्रतिनिधी म्हणून पुढे घेतो, त्यावर झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू. कुंकू एंटरच्या फटीत जातं आणि पुढे आठवडाभर एंटर दाबलं की बोट लाल होतं. प्रतिनिधी म्हणून मामा दर वर्षी बावीस नंबरच निवडतात. “याला गरज आहे,” म्हणतात. विंडोज दहाचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खंडेनवमी होऊन दोनच आठवडे झाले होते. आमची यंत्रं चौथ्या पिढीची. विंडोज अकराला आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर चालत नाहीत. म्हणजे आता ही यंत्रं रजिस्टरातल्या नावाला जागली म्हणायची. मी मामांना तसं सांगितलं, तर त्यांनी बावीस नंबरवर हात फिरवला आणि म्हणाले, “चालू तर होतोय की.”

या वर्षी अभ्यासक्रम बदलला. नवी स्कीम, नवी पुस्तिका. निर्लेखनाचे कागद फिरत आहेत, तोवर रॅम वाढवून आणि एसएसडी घालून वेळ निभावायची असं ठरलं. मॅडम आणि मी बसून स्टुडिओची नवी आवृत्ती ठरवली : लेडीबग, २०२४ ची. आम्ही ठरवेपर्यंत तीही जुनी झाली होती, पुढे मीरकॅट आणि नारव्हाल येऊन गेले होते. चालायचंच. पुस्तिकेशी जुळते ना, बस्स. पुन्हा नवरदेव सजवला, पुन्हा वऱ्हाड. या वेळी मात्र मी घाई केली नाही. दिवसाउजेडी बसलो, चष्मा पुसला, फोल्डरचं नाव एकेक अक्षर बघत टाइप केलं. ए, एन, डी, आर, ओ, आय, डी. मामांना बोलावून वाचून दाखवलं. इतक्या वर्षांचा डाग गेला. बावीस नंबरलाही नवी डिस्क होती. पंगत दीड तासात उठली. अस्वलांवरच्या फुल्या काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.

सोमवारी पहिलं प्रॅक्टिकल. मॅडम म्हणाल्या, “सी ड्राइव्ह उघडा.” तीस माना खाली गेल्या. मी दाराशी हाताची घडी घालून उभा होतो. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने ताईचं जुनं जर्नल शेजारी उघडून ठेवलं होतं. त्याने जर्नलात पाहिलं, पडद्यावर पाहिलं, पुन्हा जर्नलात पाहिलं. मग त्याने हात वर केला, ताठ, अजिबात न घाबरता.

“सर,” तो म्हणाला, “फोल्डरचं स्पेलिंग चुकलंय.”